खोडदची दुर्बीण आणि आपल्या तालुक्यानं दिलेली शांतता

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण विषय आपल्या घरचा आहे, त्यामुळं सवडीनं वाचा.

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की आपल्या भागातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच सूर लागतो. दुर्बिणीमुळं रेल्वे गेली, दुर्बिणीमुळं कारखाने आले नाहीत, दुर्बिणीमुळं पोरं चाकणला भाड्याच्या खोलीत राहतात. त्यावर कुणीतरी उलट लिहितं, की खोडदची दुर्बीण म्हणजे देशाची शान, तिच्याविरुद्ध बोलणारे अडाणी. मग शंभरएक कमेंट पडतात आणि दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या भावाचा विषय सुरू होतो. मी जुन्नर तालुक्यात बरीच वर्षं बातमीदारी करतो. या दोन्ही बाजूंना ही दुर्बीण इथं कशी आली, कुणाच्या पैशानं आली आणि आपण तिला नेमकं काय दिलं, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे असं माझ्या लक्षात आलंय. म्हणून आज आधी इतिहास सांगतो आणि भांडण नंतर करू.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात. गोविंद स्वरूप नावाचा उत्तर प्रदेशातला एक तरुण, १९२९ चा जन्म, अलाहाबादहून एम.एस्सी. झालेला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करत होता. १९५३ मध्ये तो कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर सिडनीला गेला. रेडिओ खगोलशास्त्र तेव्हा अगदी नवं होतं. आकाशातले तारे, सूर्य, दीर्घिका नुसता प्रकाशच देत नाहीत, रेडिओ लहरीही सोडतात, हे जगाला कळून फार वर्षं झाली नव्हती. सिडनीजवळ सूर्याचं निरीक्षण करायला सहा-सहा फुटांच्या ३२ डिश लावलेल्या होत्या. तिथल्या लोकांनी नवी, मोठी यंत्रणा उभारायचं ठरवलं आणि या ३२ डिश मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी विचारलं, टाकताय तर भारताला द्या की! ऑस्ट्रेलियावाले हो म्हणाले.

डिश भारतात आल्या आणि दिल्लीत पडून राहिल्या. स्वरूप पुढं अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली. सरकारी विज्ञानाची ही बाजूही सांगितली पाहिजे. वस्तू फुकट मिळाली तरी ती लावायला माणूस, जागा आणि कुणीतरी जबाबदारी घेणारा लागतो. तो नसेल तर गंज चढतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली बंद मशीनं आठवा, म्हणजे कळेल.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून देशातल्या मोठ्या वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. आम्ही परत यायला तयार आहोत, एकत्र काम करू द्या, असा त्याचा आशय. सगळ्यात ठाम उत्तर आलं ते होमी भाभांचं. भाभांच्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं, म्हणजे टीआयएफआरनं, गट उभा करायचं ठरवलं. ही संस्था १९४५ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीनं सुरू झाली होती आणि पुढं केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आली. म्हणजे पैसा तुमचा-आमचा, कराचा. १९६३ मध्ये स्वरूप टीआयएफआरमध्ये रुजू झाले. दिल्लीत पडलेल्या त्या ३२ डिश मागवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला उभ्या केल्या. होय, आपलं कल्याण. भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण तिथं सूर्याकडं बघत होती, तीही दुसऱ्याच्या उतरवलेल्या सामानावर.

त्यानंतरचा टप्पा उटीचा. तामिळनाडूतल्या उटीजवळ स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एक डोंगरउतार शोधला. त्याचा उतार तिथल्या अक्षांशाइतकाच, म्हणजे ११ अंशांच्या आसपास. त्या उतारावर उत्तर-दक्षिण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण बांधली. उतारामुळं दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला, त्यामुळं नुसती एका बाजूला फिरवत नेली की तासन्‌तास एकच तारा धरून ठेवता येतो. महागड्या यंत्रानं जे करायचं ते डोंगराकडून फुकटात करून घेतलं. १९७० मध्ये ती सुरू झाली. आराखडा इथला, बांधणी इथली.

इथं एक किस्सा सांगण्यासारखा आहे. आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून टीआयएफआरमध्येच आले. नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं मत असं, की विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे. उटीच्या दुर्बिणीनं दूरच्या रेडिओ स्रोतांचे आकार मोजले, आणि त्या मोजमापांनी महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवात आहे या मताच्या बाजूनं वजन टाकलं. एकाच संस्थेत, एकाच सरकारी पगारावर एक जण सिद्धांत मांडतोय आणि दुसरा त्याच्या विरोधात जाणारी मोजमापं छापतोय. कुणाची बदली झाली नाही, कुणाचं अनुदान अडलं नाही. पुढं नारळीकरांनी पुण्यात आयुका उभी केली आणि स्वरूप यांच्या गटाचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र त्याच विद्यापीठाच्या आवारात शेजारी उभं राहिलं. जनतेच्या पैशावरचं संशोधन कसं चालावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आता आपल्याकडं येऊ. उटीनंतर स्वरूप यांच्या डोक्यात आणखी मोठी दुर्बीण होती. आधी विषुववृत्तावर, आफ्रिकेतल्या देशांना सोबत घेऊन बांधायचा बेत झाला. तो जमला नाही. १९८४ च्या सुमाराला नवी कल्पना निघाली. एक अवाढव्य दुर्बीण नको, मोठ्या-मोठ्या ३० डिश पसरून उभ्या करू आणि त्या तारांनी जोडून एकच दुर्बीण असल्यासारख्या वापरू.

ती कुठं उभी करायची? देशभर जागा पाहिल्या गेल्या. अटी साध्या होत्या, पण एका जागी जुळणं अवघड होतं. माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी हवा. भोवती डोंगर हवेत म्हणजे शहरांच्या लहरी अडतील. जागा चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेशी उत्तरेला हवी, कारण त्याच्या जवळ वरचं वातावरण या लहरींना त्रास देतं. पण फार उत्तरेला गेलं तर दक्षिणेचं आकाश दिसत नाही. आणि मोठं शहर, कारखाने, शिकलेली माणसं दोन तासांत गाठता आली पाहिजेत. या सगळ्यात बसली ती आपली जागा. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, नारायणगावच्या पूर्वेला, खोडद. या भागाला डिशचं नवल तसंही नव्हतं. आर्वीला १९७१ मध्येच उपग्रहाशी बोलणारं विक्रम भूकेंद्र झालं होतं. परदेशी फोन आणि टीव्हीची चित्रं आपल्या तालुक्यातून जात-येत होती, तेव्हा गावात अर्ध्या घरांत वीज नसेल.

खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौकात १४ डिश आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांसारख्या शेताशिवारांतून पसरल्या आहेत, २५ किलोमीटरच्या विस्तारात. प्रत्येक डिश ४५ मीटर व्यासाची. तिसांची मिळून गोळाबेरीज केली तर जवळपास बारा एकर भरते. बारा एकर द्राक्षबागेइतकं जाळं आकाशाकडं तोंड करून आहे, असं समजा.

ही डिश भक्कम पत्र्याची असती तर आपल्या वाऱ्यात ती धरून ठेवायला किती पोलाद लागलं असतं याचा विचार करा. स्वरूप यांनी वेगळीच शक्कल काढली. पोलादी नळ्यांचे सांगाडे, त्यांच्यामध्ये ताणलेले वायररोप आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस तारेची जाळी. मधल्या भागात जाळीचं घर एक सेंटीमीटरचं, कडेला दोन सेंटीमीटरचं. वारा आरपार जातो. पण मीटर-मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना मात्र ती जाळी आरशासारखीच लागते, कारण भोकं लहरीच्या मानानं फार बारीक. द्राक्षबागेचा मांडव घालणाऱ्या कुणालाही ही रचना एका नजरेत कळेल. डांब उभे करायचे, तारा ताणायच्या, वजन कमी ठेवायचं. श्रीमंत देश तेव्हा लहान लांबीच्या लहरींच्या मागं होते, त्यासाठी गुळगुळीत, महागड्या डिश लागतात. आपल्या लोकांनी मोठ्या लांबीच्या लहरी निवडल्या, कारण तिथं विज्ञान भरपूर शिल्लक होतं आणि खर्च आपल्या आवाक्यात होता.

१९९० च्या दशकात आम्ही शाळेत असताना या डिश एकामागून एक उभ्या राहत होत्या. एसटीच्या खिडकीतून दिसायच्या. गावात कुणी म्हणायचं पाकिस्तानवर नजर ठेवायला आहेत, कुणी म्हणायचं यांच्यामुळं पाऊस पळतो. ढगांशी या डिशचा काही संबंध नाही, त्या फक्त ऐकतात, स्वतः काही सोडत नाहीत. पण हे तेव्हा गावात येऊन मराठीत सांगणारं कुणी फारसं नव्हतं, आणि अफवेला रिकामी जागा आवडते. ऑक्टोबर २००१ मध्ये रतन टाटांच्या हस्ते दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली झाली. २०१९ मध्ये तिची यंत्रणा नव्यानं बसवून ती आणखी तीक्ष्ण केली गेली. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० ला पुण्यात वारले. कोरोनाचे दिवस होते, आपल्याकडं बातमी चार ओळींत आटोपली.

या दुर्बिणीनं काय केलं, हा प्रश्न नेहमी येतो. दोनच गोष्टी सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं. उतरताना त्याचा क्षीण सिग्नल पृथ्वीवर ज्यांनी ऐकला त्यात खोडद होतं. यान शेवटच्या क्षणी कोसळलं, पण तो सिग्नल कधी तुटला हे आपल्या शिवारात कळलं. दुसरी गोष्ट २०२३ ची. आकाशात पल्सार नावाचे मेलेले तारे असतात, ते घड्याळासारखे ठोके देतात. जगभरच्या दुर्बिणींनी वर्षानुवर्षं हे ठोके मोजले आणि त्यात अत्यंत सूक्ष्म पुढंमागं होणं सापडलं. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमुळं अवकाशच हलत असल्याचा तो पुरावा मानला जातो. या कामात भारतीय गटाची मोजमापं खोडदची होती.

आणि या दुर्बिणीचा वेळ विकला जात नाही. जगातला कुणीही शास्त्रज्ञ अर्ज करतो, समिती छाननी करते, ज्याचा प्रश्न चांगला त्याला वेळ मिळतो. मिळालेली माहिती ठरावीक काळानंतर सगळ्यांसाठी खुली होते. सार्वजनिक विहिरीसारखं आहे हे. खणली आपल्या पैशानं, पाणी सगळ्यांना.

आता मुद्द्यावर येतो. अशा संशोधनाला काय काय लागतं? अर्थसंकल्पातला पैसा लागतो, हे सगळ्यांना दिसतं. तोही आपला देश हात आखडूनच देतो. २०२०-२१ च्या आकड्यांनुसार संशोधनावरचा एकूण खर्च देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण कोरिया आणि इस्रायल चारच्याही वर. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा झाली, पण त्यातले ३६,००० कोटी खाजगी क्षेत्रातून आणि इतर मार्गांनी यायचे आहेत. म्हणजे सरकारचा स्वतःचा वाटा १४,००० कोटी. त्यामुळं 'दुर्बिणीवर पैसा उधळला' हा आरोप निदान आकड्यांत बसत नाही.

पण पैशाशिवाय आणखी एक गोष्ट लागते आणि ती कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. ती म्हणजे शांतता. कानाला ऐकू येते ती नव्हे, रेडिओची. आकाशातून येणारा सिग्नल किती क्षीण असतो याचा अंदाज यावा म्हणून शास्त्रज्ञ एक उदाहरण देतात. चंद्रावर एक साधा मोबाईल चालू करून ठेवला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या सगळ्यात प्रखर वस्तूंपैकी एक वाटेल. मग खोडदपासून दोन कोसांवरच्या मोबाईल टॉवरचं काय होत असेल! विजेच्या तारेवर चिनीमातीचा चिमणा सैल झाला, ठिणग्या उडू लागल्या, तरी दुर्बिणीला ते मोठ्या ओरडण्यासारखं लागतं. म्हणून तर तिथं आत जाताना मोबाईल बंद करायला लावतात. म्हणून आसपासच्या पट्ट्यात टॉवरला, कारखान्याला ना-हरकत लागते.

ही शांतता आपण देतोय. नारायणगाव, खोडद आणि आसपासची गावं देतायत. अमेरिकेत ग्रीन बँक नावाच्या ठिकाणी १९५८ पासून असाच शांत पट्टा राखलाय, पण तो डोंगराळ, विरळ वस्तीचा मुलूख आहे. आपल्याकडं कुकडीची पाच धरणं, बारमाही बागायत, दाट वस्ती, महामार्ग आणि टोमॅटोचा एवढा मोठा बाजार. इतक्या गजबजलेल्या भागानं तीन दशकं शांत राहणं ही लहान गोष्ट नाही. हा या दुर्बिणीच्या खर्चातला आपल्या तालुक्याचा हिस्सा आहे, आणि तो एकदा देऊन संपलेला नाही, रोज दिला जातोय.

धरणाचं उदाहरण घेऊ, ते आपल्याला चटकन कळतं. कुकडीचं पाणी आपल्या तालुक्यात अडतं आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. त्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना धरणग्रस्त म्हणतात. पुनर्वसन किती नीट झालं हा वेगळा विषय आहे, त्यावर मी बक्कळ लिहिलंय. पण निदान १९७६ मध्ये महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. कुणीतरी काहीतरी दिलंय, त्याची नोंद व्हायला हवी, त्याला परत काही द्यायला हवं, हे कागदावर मान्य झालं. डिशखालची जमीन गेली तिचा मोबदला ठरला असेल. पण ज्या गावाची जमीन गेली नाही, फक्त तिथं अमुक प्रकारचा कारखाना येणार नाही असं ठरलं, त्या गावाला काय म्हणायचं? त्याच्यासाठी शब्दच नाही. शब्द नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून राग आहे.

रेल्वेचं प्रकरण याच रागावर पेटलं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्ग आधी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा आखला होता. कितीतरी वर्षं आपण त्याची वाट पाहिली, काही ठिकाणी जमिनीची खरेदीही झाली. मग केंद्रीय रेल्वे मंत्रालयानं दुर्बिणीचं कारण पुढं करून या मार्गाला नकार दिला आणि शिर्डीमार्गे पर्याय पुढं आला. विजेवरची गाडी, वरच्या तारेला घासणारा पेंटोग्राफ, त्यातून उडणाऱ्या ठिणग्या आणि गाडीची स्वतःची संदेशयंत्रणा, यांचा रेडिओ गोंगाट होतो, हे शास्त्र खरं आहे. ते कुणी नाकारू नये.

पण शास्त्र खरं असलं म्हणून निर्णयाची पद्धत बरोबर ठरत नाही. माझा प्रश्न पद्धतीचा आहे. दुर्बीण १९९० च्या दशकापासून तिथंच आहे, एका जागेवरून हललेली नाही. मार्ग आखणाऱ्यांच्या नकाशात ती नव्हती का? किती किलोमीटर दूरून गाडी गेली तर चालेल? बोगदा किंवा खोलगट मार्ग घेतला तर गोंगाट किती कमी होईल? दुर्बिणीपुरता वळसा घालून पुन्हा तालुक्यात येता येईल का? याची उत्तरं मोजमाप करून देता येतात. ज्या लोकांनी मेलेल्या ताऱ्याच्या ठोक्यातला सूक्ष्म फरक मोजला, त्यांना एका गाडीचा गोंगाट मोजणं जड नाही. ती मोजमापं मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, आपल्यासमोर का येत नाहीत? संसदेतलं दोन ओळींचं उत्तर आणि पुढाऱ्यांच्या सभा यावर आपण आपलं मत बनवायचं का?

यात एक मोठा धोका आहे आणि तो मला रेल्वेपेक्षाही जास्त वाटतो. शासनाला एखादा प्रकल्प हलवायचा असेल, पैसे वाचवायचे असतील, दुसऱ्या भागातल्या पुढाऱ्याला खूश करायचं असेल, तर दुर्बीण हे सोयीचं कारण होऊन बसेल. निर्णय दुसऱ्याचा आणि शिव्या शास्त्रज्ञांना. रेल्वेच्या बाबतीत तसं झालं असं मी म्हणत नाही, त्याचा पुरावा माझ्याकडं नाही. पण कागद झाकलेले असले की असा संशय घ्यायला कुणालाही जागा राहते. आणि तालुक्यातली पोरं दुर्बिणीकडं शत्रू म्हणून बघायला लागली, तर तीस वर्षं राखलेली शांतता कुठल्याही नियमानं टिकणार नाही. लोकांच्या मनातून उतरलेली गोष्ट पोलीस बंदोबस्तात फार दिवस जगत नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा प्रकल्प होतोय. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, २०२३ मध्ये २,६०० कोटींना अंतिम मंजुरी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. त्या यंत्राला रेडिओची नाही, जमिनीची शांतता लागते, कारण जवळची यंत्रं, गाड्या, खाणी यांचा हादरा त्याला चालत नाही. म्हणजे आपण जे तीस वर्षं अनुभवलं ते उद्या औंढ्याच्या आसपासची गावं अनुभवतील. मराठवाड्यातल्या मागास जिल्ह्याला कारखाना नको, विज्ञान घे, असं सांगितलं जाईल. आज तिथल्या लोकांना अभिमान वाटतोय, वाटावाच. पण त्यांनी पहिल्या दिवसापासून हिशोब मागावा. आपण मागितला नाही.

म्हणून माझं म्हणणं चार ओळींत सांगतो. एक, दुर्बिणीमुळं कुठल्या गावाला कुठलं बंधन आहे याचा नकाशा मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लागावा. ना-हरकतीचे किती अर्ज आले, किती मिळाले, किती नाकारले, कारण काय, ही यादी दर वर्षी जाहीर व्हावी. दोन, मोठा प्रकल्प दुर्बिणीमुळं हलवायचा असेल तर तांत्रिक अहवाल आधी लोकांपुढं यावा, निर्णय नंतर. तीन, ज्या उद्योगांनी गोंगाट होत नाही त्यांना इथं खास सवलत मिळावी. टोमॅटो आणि द्राक्षावर प्रक्रिया, शीतगृहं, बियाण्यांचं काम, हे सगळं योग्य काळजी घेऊन चालू शकतं. शांतता राखणाऱ्या तालुक्याला त्याचा मोबदला विकासनिधीत मिळावा, जसा धरणग्रस्त गावाला मिळायला हवा. चार, दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला शाळांची जत्रा भरते, हजारो पोरं येतात, ते उत्तमच आहे. पण तालुक्यातल्या पोराला वर्षाचे उरलेले दिवसही तिथं काहीतरी शिकता यावं. वायरमन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्सवाली पोरं आपल्याकडं कमी नाहीत.

काही जण म्हणतील, पत्रकार साहेब दोन्ही दगडांवर पाय ठेवतात. तसं नाही. मला रेल्वे हवी आहे आणि दुर्बीणही हवी आहे, आणि यातलं एक निवडायला लावणाऱ्याला मी आधी कागद दाखवायला सांगणार. गोविंद स्वरूप यांनी मोडीत निघालेल्या ३२ डिशपासून सुरुवात केली आणि जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक आपल्या शिवारात उभी केली, तीही कमीत कमी पोलादात, आपल्या पैशाची पै-पै जपून. जे लोक पोलादाचा किलो-किलो हिशोब करतात, त्यांनी आणि त्यांच्या वरच्या सरकारनं आपल्या शांततेचाही हिशोब ठेवावा, एवढीच मागणी आहे.

येत्या ग्रामसभेत खोडद, नारायणगाव आणि आसपासच्या गावांनी वरचा पहिला मुद्दा ठराव म्हणून मांडावा असं मला वाटतं. ठरावाचा मसुदा कुणाला हवा असेल तर मेसेज करा, लिहून देतो. आणि तुमच्या गावाला आतापर्यंत ना-हरकत मिळाली किंवा नाकारली गेली असेल, तर त्या कागदाचा फोटो कमेंटमध्ये टाका. अफवा नको, कागद टाका.